बास्क संसदेची निवडणूक

बास्क संसदेची निवडणूक : स्पेनच्या उत्तरेकडील बास्क स्वायत्त प्रदेशाच्या एकसभागृही विधिमंडळासाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने होणारी निवडणूक. १९७९ च्या गेर्निका स्वायत्तता कायद्याने हे सभागृह स्थापन झाले आणि १९८० मध्ये त्याची पहिली निवडणूक झाली. त्या वेळी ६० असलेली सदस्यसंख्या १९८४ पासून ७५ आहे. सभासदांची मुदत चार वर्षांची असते.

आलावा, बिस्काया आणि गिपुस्कोआ हे तीन प्रांत म्हणजेच तीन मतदारसंघ असून प्रत्येकाला २५ जागा मिळतात. बिस्कायाची लोकसंख्या आलावाच्या तिपटीहून अधिक असल्याने आलावातील एका मताचे वजन साहजिकच वाढते. मात्र प्रांतांच्या ऐतिहासिक समानतेचा मान राखण्यासाठी ही विषमता मान्य केलेली आहे.

मतदार व्यक्तीला नव्हे, तर पक्षाच्या ठरलेल्या क्रमाच्या यादीला मत देतो. प्रांतातील किमान ३ टक्के वैध मते मिळवणाऱ्या याद्यांमध्ये बेल्जियन विधिज्ञ व्हिक्टर द'ओंट यांच्या नावाच्या सूत्राने जागा वाटल्या जातात. त्यात प्रत्येक यादीच्या मतांना १, २, ३ असे क्रमाने भागून येणाऱ्या सर्वांत मोठ्या भागाकारांना जागा देतात. उदाहरणार्थ, तीन जागांसाठी दोन याद्यांना ६०,००० व ३६,००० मते पडल्यास ६०,०००, ३६,००० आणि ३०,००० हे भागाकार सर्वांत मोठे ठरून पहिलीला दोन व दुसरीला एक जागा मिळते.

२१ एप्रिल २०२४ च्या निवडणुकीत बास्क राष्ट्रवादी पक्ष व ईएच बिल्डू यांना प्रत्येकी २७ जागा मिळाल्या. त्यानंतर राष्ट्रवादी पक्षाचे इमानोल प्रादालेस समाजवाद्यांच्या पाठिंब्याने लेहेन्दकारी, म्हणजे प्रादेशिक शासनप्रमुख, झाले.