रोगणाचा थर : चिचगडची भिंत आणि अजिंठ्याची

'नकली संगमरवर' हा शब्दप्रयोग घर सजवणाऱ्यांच्या बोलण्यात आता रुळला आहे. कृती सोपी आहे. तळाचा रंग पुरता वाळला की एक भाग रंगात तीन-चार भाग पारदर्शक माध्यम मिसळायचे, तो पातळ थर भिंतीवर द्यायचा आणि ओला असतानाच स्पंजाने, चिंधीने वा पिसाने त्यात दगडाच्या शिरा उमटवायच्या. हा थर खालचा रंग झाकत नाही, त्याला गहिरेपणा देतो. युरोपातील बरोक काळच्या चर्चमध्ये लाकूड व गिलावा याच रीतीने संगमरवरी दिसू लागले. तेथे माध्यम बहुधा तेलाचे असे.

पण यात नकली काय आणि अस्सल काय? गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेकडील रानात चिचगड आहे. पूर्वी ही जमीनदारी होती. अशा गावांतून मातीच्या भिंतीला दिवाळीआधी चुना देण्याची चाल जुनी आहे. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, फडक्यातून गाळायचा, भिंतीला धरून राहावा म्हणून डिंक वा तांदळाची पेज घालायची आणि पिवळेपणा मारण्यापुरती नीळ. भिंतीवर हा चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. संगमरवरही मुळात तेच. तेव्हा जुन्या वाड्यांतील घोटीव चुन्याला नकली म्हणताना आम्ही तरी अडखळतो.

याच जिल्ह्यातील रानांत पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे पोसले जातात. त्या लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की रोगण तयार होते. सुतार लाकडाला देतात ते हेच. ते भिंतीवर काय करते, हे अजिंठ्याने दाखवले. निजाम सरकारने 1920 ते 1922 या काळात लॉरेन्झो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञाकडून तेथील चित्रांचे जतन करवून घेतले. त्यात चपड्याचे रोगण वापरले गेले. हेतू रक्षणाचाच होता. पण कालांतराने तो पारदर्शक थर पिवळा पडला, काळवंडला, आणि चित्रे त्याच्याआड गेली. पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो थर जपून उतरवावा लागला.

वर्गात जुने काव्य शिकवताना आम्हांला ही गोष्ट वारंवार आठवते. आम्हीही संहितेवर अर्थाचा एक पारदर्शक थर देत असतो आणि तो कायमचा पारदर्शक राहील असे गृहीत धरतो. चिचगडच्या चुन्याची तशी प्रतिज्ञा नाही. एका पावसाळ्यात तो झडतो, आणि दिवाळीला भिंत पुन्हा पाहावी लागते. टीकेनेही एवढी नम्रता पत्करावी, असे आम्हांस वाटते.