रहस्यकथा आणि मराठीचा वाचक

वाङ्मयाच्या पंक्तीत काही ग्रंथांना मानाचे पान मिळते, तर काहींना दाराबाहेर तिष्ठत राहावे लागते. मराठी रहस्यकथेच्या वाट्याला ही दुसरी जागा आली. तथापि भाषा केवळ मानकरी ग्रंथांवर जगत नाही. ज्यांच्यासाठी सामान्य माणूस दिव्याखाली जागत बसतो, त्या पुस्तकांवरही ती जगते. सुरतेजवळील डिंडोलीसारख्या वस्तीचा विचार केला म्हणजे हे विशेष जाणवते.

डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. विसाव्या शतकाच्या आरंभी तापी खोऱ्यातील रेल्वेने सुरत खानदेशाशी जोडली गेली, आणि पुढे कापडधंद्याने त्या वाटेने माणसे ओढून आणली. येथे घरात अहिराणी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी कानी पडते. ग्रांथिक मराठी मुलाला भेटते ती मुख्यतः शाळेत. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालविते, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु शाळा अक्षर शिकविते. शाळा सुटल्यावर पुस्तक हाती घ्यावयास कोण लावणार?

या प्रश्नाचे एक उत्तर रहस्यकथेच्या इतिहासात सापडते. अमेरिकेत एडगर ॲलन पो याने १८४१ मध्ये बुद्धीच्या बळावर गुन्हा उकलणारा नायक निर्माण केला. १८६८ मध्ये विल्की कॉलिन्सने श्रीरंगपट्टणहून लुटून नेलेल्या हिऱ्याभोवती ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी रचली, आणि १८८७ मध्ये कॉनन डॉइलचा शेरलॉक होम्स अवतरला. मराठीत गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना देशी वेष चढविला. ‘कालिकामूर्ति’, ‘बंधुद्वेष’ या त्यांच्या कादंबऱ्यांनी अनेकांना वाचनाची चटक लावली.

या प्रवाहाला पूर आणला तो बाबूराव अर्नाळकरांनी. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. १९९६ मध्ये ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा होत्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू ही नावे घरोघरी पोहोचली. पुस्तक लहान, भाषा सोपी, वाक्य आटोपशीर; सर्क्युलेटिंग लायब्ररीतून थोड्या पैशांत आणावे, वाचून परत करावे आणि दुसरे मागावे, असा तो क्रम. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांनी हा वारसा चालविला, तर नारायण धारपांनी भयकथेचे दालन समृद्ध केले.

टीकाकारांनी या पुस्तकांना उथळ म्हटले. त्यात तथ्य नव्हते असे नाही. कथानकांवर परक्या कथांची छाया असे, आणि शंभराव्या पुस्तकातला नायक पहिल्यातल्यासारखाच राही. परंतु या वाङ्मयाचा एक गुण शिक्षकाने तरी विसरू नये. ‘फादर ब्राऊन’च्या कथा लिहिणारा चेस्टरटन ज्या लेखकमंडळात होता, त्याच मंडळातील रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकापुढेही मांडला पाहिजे, हा त्यांतील एक. अशी कथा वाचणाऱ्याला वाक्य गाळून चालत नाही. कोण कोठे होते, कोण काय बोलले, हे ध्यानात ठेवावे लागते. लक्षपूर्वक वाचण्याचा याहून गोड धडा क्वचितच मिळेल.

दूरचित्रवाणी आली, लायब्रऱ्या ओस पडल्या आणि स्वस्त कागदावरची ती पुस्तके बहुतेक रद्दीत गेली. मानाच्या ग्रंथांना कपाट मिळाले. यांना ते मिळाले नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलाला त्याची झळ अधिक लागते, कारण मराठी वाचण्याची सक्ती त्याला कोणीही करीत नाही. त्याला वाचावेसे वाटले तरच तो वाचील.

म्हणून डिंडोलीसारख्या वस्तीतील शाळेत पाठ्यपुस्तकांशेजारी जुन्या रहस्यकथांची एक फळी असावी. मुलांनी त्या घरी न्याव्यात, आपसांत बदलाव्यात, आणि गुन्हेगार कोण यावर वाद घालावा. शेवट मात्र फोडू नये. आज धनंजयाच्या मागे धावणारा मुलगा उद्या हरिभाऊ आपट्यांपर्यंत पोहोचेलच, अशी हमी देता येत नाही. परंतु ज्याने कधी मराठी पुस्तकच उघडले नाही, तो तेथे निश्चितच पोहोचणार नाही.