जोडणारा दांडा आणि थांबवणारा हात



अमेरिकेत पुष्कळ जोडपी निवृत्त झाल्यावर मोटारघर घेऊन देशाटनाला निघतात. मोटारघर म्हणजे बसएवढी गाडी; आत निजायला खाटा, स्वयंपाकाला ओटा, न्हाणीघरसुद्धा. पण एवढे धूड घेऊन गावात भाजी आणायला जाता येत नाही. म्हणून आपली लहान मोटार मागे दांड्याने जोडतात आणि तिची चारही चाके रस्त्यावर ठेवून ओढत नेतात. आयोवा राज्यातील विनेबागो कंपनीने १९६६ साली मोटारघरे बनवावयास आरंभ केला, आणि त्या सुमारास ही हौस तिथल्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली.

या हौसेशी कामगार-चळवळीतल्या माणसांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, मागची गाडी कशाने जोडावी आणि ती थांबवावी कोणी, हे दोन्ही प्रश्न मोटारघराच्या कितीतरी आधी आगगाडीपुढे उभे राहिले होते. त्यांची उत्तरे कारखान्याच्या कचेरीत सापडली खरी, पण त्यांची किंमत रेल्वेच्या कामगारांनी आपल्या हातापायांनी मोजली.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात अमेरिकन मालगाड्यांचे डबे लोखंडी कडी आणि खुंटी यांनी जोडले जात. डबा मागे सरकत येत असताना माणसाने दोहोंच्या मध्ये उभे राहावयाचे, कडी हाताने नेमकी भोकात घालावयाची आणि वरून खुंटी सोडावयाची. क्षणाचा उशीर झाला की बोटे गेली. पाय घसरला तर माणूसच गेला. ब्रेक लावण्याची तऱ्हाही तशीच. एंजिनाने शिट्टी दिली की ब्रेकवाल्याने धावत्या गाडीच्या टपावरून या डब्यावरून त्या डब्यावर जावयाचे आणि प्रत्येक डब्याचे चाक हाताने आवळावयाचे. हिमवर्षाव असो की रात्र असो, हे चुकत नसे.

जॉर्ज वेस्टिंगहाऊस याने १८६९ साली हवेच्या दाबाचा ब्रेक काढला. एंजिनातून दाबलेली हवा नळीने मागे जाई आणि डब्यांचे ब्रेक आवळले जात. सोय मोठी झाली. पण नळी तुटली, गाडीचे दोन तुकडे झाले, की मागच्या तुकड्याला ब्रेकच उरत नसे. नेमकी ज्या वेळी गरज, त्याच वेळी ब्रेक गैरहजर! म्हणून १८७२ साली त्याने तीच कल्पना उलटी केली. प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी बसवली आणि नळीतला दाब उतरला की ब्रेक लागावा अशी योजना केली. आता नळी तुटणे हाच ब्रेक लागण्याचा हुकूम झाला. पुढे १८७३ साली ईलाय जॅनी याने दोन हातांची बोटे एकमेकांत अडकावीत तसा आपोआप जुळणारा आकडा शोधून काढला.

दोन्ही शोध हाताशी होते, तरी मालगाड्यांवर ते वर्षानुवर्षे चढेनात. कारण उघड आहे. आकड्याला पैसे पडत होते. बोटे मात्र कामगाराची होती.

याच बेपर्वाईचे फळ आयर्लंडमध्ये १२ जून १८८९ रोजी आर्मा गावाजवळ दिसले. रविवारच्या शाळेतील मुले आणि त्यांचे आईबाप सहलीला निघाले होते. चढावर एंजिनाचा दम संपला. कर्मचाऱ्यांनी गाडी तोडून पुढचा भाग आधी वर न्यावयाचे ठरवले. या गाडीला निर्वात ब्रेक होता, पण तो आपोआप लागणारा नव्हता. जोड सुटताच मागच्या दहा डब्यांचा ब्रेक गेला. उरला तो शेवटच्या डब्यातला हातब्रेक आणि चाकांखाली घातलेले धोंडे. पुढचा भाग किंचित मागे आला, धक्का बसला, धोंडे चिरडले आणि ते दहा डबे उतारावरून धावत जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. निदान ८० माणसे मेली. त्यांत मुले पुष्कळ. तीन महिन्यांच्या आत ब्रिटिश पार्लमेंटने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणाऱ्या ब्रेकची सक्ती केली. वर्षानुवर्षांच्या शिफारशींनी जे झाले नाही, ते मुलांच्या प्रेतांनी झाले.

आमच्या बोरघाटात १८६३ पासून आगगाडी चालते आणि तिथे सदतिसास एक असा चढ आहे. कर्जतला गाडीच्या मागे जादा एंजिने लागतात ती त्यामुळेच. घाटातल्या रेल्वे कामगाराला आर्माची गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही.

अमेरिकेत सुमारे दहा हजार ब्रेकवाल्यांनी सह्या करून आपोआप जुळणारे आकडे आणि ब्रेक मागितले. १८८९ साली अध्यक्ष हॅरिसन यांनी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात त्या अर्जाचा उल्लेख केला आणि या कामगारांचा धोका युद्धातील शिपायाच्या धोक्याएवढा आहे असे बजावले. आयोवाचा लॉरेन्झो कॉफिन हा शेतकरी या प्रश्नासाठी वर्षानुवर्षे गावोगाव बोलत हिंडला. २ मार्च १८९३ रोजी कायदा झाला. मालकांना मुदत मिळाली, ती वाढवूनही मिळाली, आणि १ ऑगस्ट १९०० पासून अंमल सुरू झाला.

त्यानंतर चारच दिवसांनी, यूटामधील प्रॉमन्टरी येथे जॉन्सन नावाच्या ब्रेकवाल्याला एंजिन आणि भोजनाचा डबा जोडावयास सांगण्यात आले. दोहोंना आपोआप जुळणारे आकडे होते. पण एक जॅनीचा, दुसरा मिलरचा. ते एकमेकांशी जुळेनात. अखेर मध्ये हात घालावा लागला आणि त्याचा हात गेला. खालच्या न्यायालयांनी म्हटले, दोन्ही आकडे आपापल्या जातीत आपोआप जुळतात, मग कायदा मोडला कुठे? १९०४ साली सुप्रीम कोर्टाने हे म्हणणे फेटाळले. माणसाला मध्ये जावे लागू नये हा कायद्याचा हेतू आहे; जो आकडा समोरच्याशी जुळत नाही, तो हा हेतू पुरा करीत नाही.

आता मोटारघराकडे वळू. दांडा निवडताना पहिली गोष्ट हीच. मोटारघराचा आकडा, दांडा आणि मोटारीच्या सांगाड्याला बसवलेली पट्टी ही तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. तिघांत ज्याची वजन पेलण्याची मर्यादा सर्वांत कमी, तीच साऱ्या जोडाची मर्यादा. नुसता दांडा जाडजूड घेऊन भागत नाही. दांडा जमिनीशी जवळजवळ समांतर राहावा, आणि तो निसटला तर मोटार धरून ठेवावयास सुरक्षेच्या साखळ्या असाव्यात. शिवाय प्रत्येक मोटार चारही चाकांवर ओढता येत नाही; काहींच्या गिअरपेटीला एंजिन बंद असता तेल पोचत नाही. हे मोटारीच्या पुस्तिकेत आधी पाहावे.

ब्रेकची निवड दुसरी. दीड हजार किलोची मोटार मागे असता तिचा सारा रेटा मोटारघराच्या ब्रेकवर येतो. आणि वेग दुप्पट झाला की थोपवावयाची शक्ती चौपट होते. म्हणून मोटारीचा स्वतःचा ब्रेक लागला पाहिजे. काही यंत्रे चालकाच्या जागी ठेवून पायपट्टी दाबतात. काही मोटारघराच्या हवेच्या किंवा तेलाच्या ब्रेकशी जोडलेली असतात. पहिली सहज काढून दुसऱ्या मोटारीत ठेवता येतात. दुसरी बसवावयास खर्च अधिक, पण मग रोजची मांडामांड नको. मोटारीचे एंजिन बंद असल्याने ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत तिथे नसते, हेही निवडताना ध्यानात घ्यावे लागते. मात्र प्रकार कोणताही असो, तुटता-खटका हवाच. दांडा तुटून मोटार सुटली की दोरीने खुंटी उपटली जाते आणि मोटारीचा ब्रेक आपोआप लागतो. हा खटका म्हणजे वेस्टिंगहाऊसची १८७२ सालची कल्पनाच होय. अमेरिकेतील राज्याराज्यांचे नियम निरनिराळे आहेत. पण आर्माचा उतार कोणत्याही राज्याच्या कायद्याची वाट पाहत नाही.

कोणतेही जोडलेले यंत्र पुढे आले, मग ते गिरणीतले असो, गोदीतले असो की रस्त्यावरचे, त्याला तीन प्रश्न विचारावेत असे आम्हांला वाटते. जोडताना माणसाला मध्ये उभे राहावे लागते काय? मागच्याला स्वतःचा ब्रेक आहे काय? आणि जोड तुटला तर तो ब्रेक कोणाच्याही हुकमावाचून लागतो काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ब्रेकवाल्यांनी सह्या करून मागितली तेव्हा कुठे मिळाली. दुकानात आज ती विकत मिळतात; म्हणून ती फुकट आली असे कोणी समजू नये.