प्रवासवर्णनाविना प्रवासी : मराठीतील चीनदर्शनाची एक बाजू

मराठी प्रवासवर्णनाची समीक्षा बहुधा एका गृहीतावर उभी असते : लेखक गेला, त्याने पाहिले, तो परतला आणि त्याने लिहिले. या चारही क्रिया एकाच व्यक्तीच्या ठिकाणी एकवटतात, म्हणून तिचे निवेदन विश्वसनीय मानले जाते. मराठीतील चीनदर्शनाचा इतिहास तपासू लागल्यास मात्र हे गृहीत टिकत नाही. चीनची जी प्रतिमा मराठी मनात सर्वांत खोल रुजली, ती ज्याच्यामुळे रुजली तो प्रवासी परतला नाही आणि त्याने प्रवासवर्णनही लिहिले नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–१९४२) काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघाले. पथकाचे प्रमुख डॉ. मदन अटल होते, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. त्याच महिन्यात सोलापूरच्या सीमेपलीकडे निजामी राजवटीने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी घातली आणि ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. लातूर-नांदेडकडील तरुणांपुढे त्या वेळी घरच्या दास्याचा प्रश्न उभा होता. शेजारच्या सोलापूरचा एक तरुण दूरच्या देशाच्या मुक्तिलढ्यात उतरत होता. या दोन घटनांचा काळ एकच असला, तरी आपल्या वाङ्मयेतिहासात त्या क्वचितच शेजारी मांडल्या जातात.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. पुढे कोटणीस उत्तरेकडील जिन-चा-जी सीमाप्रदेशात गेले, चिनी भाषा शिकले, १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी परिचर्या शिकविणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी विवाहबद्ध झाले. विद्यार्थ्यांसाठी ते शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहीत होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे लेखन होते. परंतु ते मराठी वाचकाला चीन दाखविण्यासाठी नव्हते, चिनी विद्यार्थ्याच्या उपयोगासाठी होते. पाहणाऱ्याचे अंतर जेथे संपते तेथे प्रवासवर्णनाची गरजही संपते काय, असा प्रश्न यातून उपस्थित होतो.

याच सीमाप्रदेशात शा फेई या छायाचित्रकाराच्या पुढाकाराने १९४२ मध्ये ‘जिन-चा-जी’ हे सचित्र नियतकालिक निघू लागले. चिनी माणूस स्वतःच्या जीवनाकडे कॅमेरा रोखत होता. मराठी प्रेक्षकाने मात्र हा चीन वेगळ्याच कॅमेऱ्यातून पाहिला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये कोटणीसांवर इंग्रजी पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. चीनला न जाता उभारलेल्या या चीनमध्ये कोटणीस स्वतः शांताराम होते, चिंगलानची भूमिका जयश्री यांची होती आणि सर्वांची भाषा हिंदुस्थानी होती.

चित्रपटाचा शेवट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. मृत्युशय्येवरील नायक पत्नीला आपल्या घरची वाट वर्णन करून सांगतो आणि ती त्या घरी पोहोचते. चीनविषयक कलाकृतीतील सर्वांत उत्कट स्थलवर्णन असे स्वदेशाचे निघते. प्रत्यक्षात छिंगलान चीनमध्येच राहिल्या. भारतात त्या पुढे पाहुण्या म्हणून येऊन गेल्या. परक्या स्त्रीला सून करून घेतल्याखेरीज तिचा देश आपलासा वाटत नाही, ही या प्रतिमेची मर्यादा होय. त्या काळच्या सदिच्छेबद्दल शंका नाही. परंतु सदिच्छा म्हणजे आकलन नव्हे.

१९६२ च्या युद्धाने ही सदिच्छा मावळली आणि प्रवासाची वाटही जवळपास बुजली. त्यानंतरचा मराठी चीन प्रामुख्याने ग्रंथांतून घडला. वि. ग. कानिटकरांचे माओचरित्र आणि अरुण साधू यांचे ‘...आणि ड्रॅगन जागा झाला’ ही त्याची ठळक उदाहरणे. येथे भावुक जवळिकीची जागा राजकीय जिज्ञासेने घेतली. क्रांती समजू लागली; तथापि स्वयंपाकघर, बाजार, शेत यांतील चिनी माणूस ओझरताच राहिला. ही उणीव भरून काढण्याचे काम पुढे मीना प्रभू यांच्या ‘चिनी माती’सारख्या प्रवासवर्णनाकडे आले. तेथे जाणे, पाहणे, परतणे आणि लिहिणे पुन्हा एका व्यक्तीत एकवटले.

म्हणून मराठीतील चीनदर्शनाचा इतिहास केवळ प्रवासवर्णनांच्या सूचीतून लिहिता येणार नाही. न लिहिणारा प्रवासी, प्रवास न केलेला चित्रपट आणि ग्रंथालयात बसून केलेला अभ्यास हे तिन्ही त्या इतिहासाचे घटक आहेत. ‘तेथे गेलो होतो’ ही ग्वाही आकलनाला पुरेशी नसते, तशी ती अनिवार्यही नसते. कोण पाहतो, कोणासाठी पाहतो आणि जो पाहिला जातो त्याला स्वतःचा शब्द मिळतो की नाही, हे प्रश्न निकष म्हणून स्वीकारल्यास प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची सीमा नव्याने आखावी लागेल.