प्रोफेसरांच्या कपाटातील तोतया

जॉन ओबादाया वेस्टवूड हे एकोणिसाव्या शतकातील कीटकशास्त्रातील मोठे नाव. पुढे ऑक्सफर्डचे प्राध्यापक. त्यांच्या कपाटातील एका कप्प्यात ‘ट्रायकाँडिला’ मांडलेले होते. हे आशियाच्या उष्ण अरण्यांतील वाघभुंगेरे, म्हणजे टायगर बीटल. त्यांचे अनेक भाऊबंद वाळूवर धावतात आणि चाहूल लागताच उडून जातात. ट्रायकाँडिलाला मात्र उडता येत नाही. लांबट मान, गडद रंग, बळकट जबडे; झाडाच्या खोडावर धावत शिकार करणे हाच त्याचा संसार.

त्या रांगेतला एक किडा भुंगेरा नव्हताच! तो होता नाकतोड्याच्या गोतातला, फिलिपिन्सचा. वेस्टवूड यांना हे उमगायला बराच काळ लागला. त्याचे नाव ‘काँडिलोडेरा ट्रायकाँडिलॉइडिस’, म्हणजे ट्रायकाँडिलासारखा.

आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६७ साली अनुकृतीवरील लेखात हा प्रसंग नोंदवला. दोन्ही कीटक खोडांवर धावणारे. भुंगेरे विपुल, तोतया दुर्मीळ. डार्विनचा ग्रंथ येऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती आणि वाद ऐन भरात होता. वॉलेस यांचे म्हणणे असे की, सुरक्षित कीटकाशी ज्यांचे साम्य अधिक, ते भक्षकाच्या नजरेतून निसटतात; पिढ्यान्‌पिढ्या हेच घडत गेले की साम्य हुबेहूब होते. जिथे तज्ज्ञाची नजर फसली, तिथे भुकेल्या पक्ष्याची काय कथा?

आणि वेस्टवूड? त्यांना डार्विनचा सिद्धान्त मान्य नव्हता. त्यांच्याच कपाटातला किडा मात्र प्रतिपक्षाचा साक्षीदार ठरला.