साक्ष कोणाची ग्राह्य? : 'द गोल्डन गॉब्लेट' आणि थीब्जमधील थडगेचोरीची कागदपत्रे

प्राचीन इजिप्तच्या पार्श्वभूमीवर रचलेल्या इंग्रजी किशोरवाङ्मयात एलॉइज जार्व्हिस मॅग्रॉ (१९१५–२०००) या अमेरिकन लेखिकेच्या कादंबऱ्यांना विशेष स्थान आहे. 'मारा, डॉटर ऑफ द नाईल' (१९५३) या कादंबरीनंतर आठ वर्षांनी, १९६१ मध्ये, त्यांची 'द गोल्डन गॉब्लेट' प्रसिद्ध झाली आणि १९६२ मध्ये तिला न्यूबेरी सन्मान लाभला. फेअरो तिसरा आमेनहोतेप याच्या काळातील (इ. स. पू. सुमारे १३९० ते १३५२) थीब्ज नगरीत घडणारी ही रहस्यकथा आहे. थडगेचोरीचे हे रहस्य इतिहासातील कोणत्या सामग्रीशी जुळते आणि त्या सामग्रीतील काय गाळते, याचा विचार येथे करावयाचा आहे. किशोरवाचकाला इतिहास सांगताना राज्यसंस्थेचे कोणते रूप त्याच्यासमोर ठेवले जाते, हा प्रश्न त्यामागे आहे.

कादंबरीचा नायक रानोफर हा एका निष्णात सोनाराचा मुलगा. पित्याच्या मृत्यूनंतर तो गेबू या सावत्र भावाच्या ताब्यात येतो. गेबू पेशाने पाथरवट. तो रानोफरला मारहाण करतो, अर्धपोटी ठेवतो आणि रेख नावाच्या सोनाराच्या कारखान्यात हलकी कामे करावयास पाठवतो. त्या कारखान्यातील इब्नी नावाचा बाबिलोनी कामगार रानोफरच्या हाती गेबूसाठी मद्याची कातडी पिशवी देत असतो. तिच्यातून कारखान्यातले सोने बाहेर जात आहे आणि आपण नकळत त्या चोरीचे वाहक झालो आहोत, हे मुलाच्या ध्यानात येते. पुढे गेबूच्या खोलीत त्याला तिसऱ्या थुतमोसचे नाव कोरलेला सुवर्णचषक सापडतो. कित्येक दशकांपूर्वी मरण पावलेल्या राजाच्या नावाचा चषक जिवंत माणसाच्या घरी येण्याचा मार्ग एकच असू शकतो, तो म्हणजे थडग्यातून.

येथे रहस्यकथेच्या रूढ रचनेपासून ही कादंबरी दूर जाते. अगाथा ख्रिस्ती यांची 'डेथ कम्स अ‍ॅज द एंड' ही कादंबरी तुलनेसाठी घेता येईल. १९४४ मध्ये प्रकाशित झालेल्या या प्रौढ वाचकांसाठीच्या कादंबरीची कल्पना इजिप्तविद्यावेत्ते स्टीफन ग्लॅनव्हिल यांनी सुचवली होती. हेकानख्त या जमीनदाराच्या घरगुती पत्रांचा तिला आधार आहे. तेथे कुटुंबातील खुनी शेवटपर्यंत दडलेला राहतो आणि प्राचीन काळाच्या पडद्यावर आधुनिक गूढकथेचा आराखडा अबाधित राहतो. मॅग्रॉ यांच्या कादंबरीत मात्र गुन्हेगार कोण, हे वाचकाला लवकरच कळते. उत्कंठा उरते ती पुराव्याविषयी. एका पोरक्या, फाटक्या मुलाने श्रीमंत होत चाललेल्या पाथरवटावर आरोप केला, तर त्यावर विश्वास कोण ठेवणार? या प्रश्नावरच सारे कथानक तोललेले आहे.

हाच प्रश्न थीब्जच्या उपलब्ध कागदपत्रांच्याही केंद्रस्थानी आहे. नवव्या रामसेसच्या कारकिर्दीच्या १६ व्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. सुमारे १११० मध्ये, राजथडग्यांच्या चोरीची जी चौकशी झाली तिचे वृत्तांत अनेक पपायरसांवर उतरले आहेत. टी. एरिक पीट यांनी १९३० मध्ये या विसाव्या राजवंशातील चोऱ्यांची कागदपत्रे एकत्रित अभ्यासून प्रसिद्ध केली. त्यातील एका खटल्याचा पपायरस दोन तुकड्यांत विभागला गेला होता. 'अ‍ॅमहर्स्ट पपायरस' म्हणून ओळखला जाणारा खालचा भाग न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात पोहोचला. वरचा भाग १९३५ मध्ये जाँ कापार यांना ब्रुसेल्स येथे एका लाकडी मूर्तीच्या पोकळीत सापडला. दोन्ही भाग जुळवल्यावर सोबेकेमसाफ या राजाच्या थडग्यातील चोरीचा कबुलीजबाब जवळजवळ सलगपणे वाचता येऊ लागला.

या कबुलीजबाबातील मुख्य आरोपी आमेनपनुफेर हा पाथरवट होता, हे मॅग्रॉ यांच्या गेबूच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच्या टोळीत दगडकाम करणारे, सुतार आणि नावाडी होते. कादंबरीतील टोळीतही पाथरवट गेबू, गवंडी वेनामोन आणि नौकेचा तांडेल सेत्मा एकत्र येतात. थडगे फोडावयास दगडाचे ज्ञान लागते आणि चोरीचा माल नदीपार न्यावयास नाव लागते. व्यवसायांची ही साखळी कादंबरीत आणि कागदपत्रांत सारखीच आहे. कबुलीनुसार आठ जणांनी १६० देबेन सोने समान वाटून घेतले. एक देबेन साधारण ९१ ग्रॅमचा धरला, तर हे सोने सुमारे साडेचौदा किलो भरते.

तथापि, कादंबरीचा काळ आणि या खटल्याचा काळ यांत अडीचशे वर्षांचे अंतर आहे. हा कालविपर्यास म्हणावा काय? प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. कादंबरीच्या अखेरीस रानोफर ज्या थडग्यात शिरतो ते राणी तियेच्या आईवडिलांचे, म्हणजे युया आणि थुया यांचे आहे. राजांच्या खोऱ्यातील हे थडगे फेब्रुवारी १९०५ मध्ये जेम्स क्विबेल यांनी थिओडोर डेव्हिस यांच्या अर्थसाहाय्याने केलेल्या उत्खननात प्रकाशात आणले. तेथे रथ, खुर्च्या, पेट्या आणि उत्तम स्थितीतील दोन ममी मिळाल्या, तरी प्राचीन काळीच तेथे चोर शिरले होते हेही स्पष्ट दिसले. सुगंधी तेलांसारख्या काळाबरोबर खराब होणाऱ्या वस्तू नेल्या गेल्या होत्या. त्यावरून पहिली चोरी दफनानंतर लवकरच झाली असावी, असे अनुमान अभ्यासकांनी काढले आहे. म्हणजे चोरीची घटना आमेनहोतेपच्या काळाशी सुसंगत आहे. टोळीची बांधणी मात्र विसाव्या राजवंशाच्या कागदपत्रांतील टोळीसारखी आहे.

विसंगती आहे ती अन्यत्र. विसाव्या राजवंशातील चोऱ्यांमागे राज्यव्यवस्थेची घसरण होती. तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी धान्याचा शिधा न मिळाल्यामुळे देर एल-मेदिना येथील थडगे-कारागिरांनी काम बंद पाडले होते. नंतरच्या दशकांत धान्याचे भाव चढले आणि अधिकाऱ्यांचा धाक ओसरला. आमेनपनुफेर आपल्या जबानीत सांगतो की, आपल्याला एकदा पकडले होते, पण आपल्या वाट्याचे वीस देबेन सोने घाटावरील लेखकाला देऊन आपण सुटलो. सुटल्यावर तो साथीदारांकडे परतला आणि त्यांनी त्याचा वाटा भरून दिला. चोरीची साखळी अशा रीतीने थेट कचेरीपर्यंत पोहोचलेली होती.

'अ‍ॅबट पपायरस' याहून अधिक बोलका आहे. पूर्व थीब्जचा नगरप्रमुख पासेर याने पश्चिम तीरावरील अधिकारी पवेरो याच्या अखत्यारीतील थडगी फोडली जात असल्याची तक्रार केली. चौकशी मंडळाने दहा राजथडगी तपासली. त्यांपैकी सोबेकेमसाफचे एकच फोडलेले आढळले. पैखारू नावाच्या तांबटाने पूर्वी राणी इसिसच्या थडग्यात शिरल्याची कबुली दिली होती. त्याला डोळे बांधून खोऱ्यात नेण्यात आले. तेथे डोळे मोकळे करून, मारहाण करूनही त्याला ते थडगे दाखवता आले नाही. मग पश्चिम तीरावरील लोकांनी विजयाची मिरवणूक काढली आणि वजीराच्या न्यायसभेने पासेरचे आरोप खोटे ठरवले. त्या सभेत पासेर स्वतः सदस्य म्हणून बसला होता.

आता कादंबरीचा शेवट पाहावा. चोरांना थडग्यात कोंडून रानोफर राजवाड्याकडे धावतो. त्याचा मित्र हेकेत आणि पपायरस तोडणारा एक वृद्ध थडग्याच्या तोंडाशी पहारा करतात. पहारेकरी त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. अखेर एका खुजा सेवकामुळे तो राणीसमोर पोहोचतो. राणी त्याला पारखण्यासाठी थडग्यातील एका विशिष्ट वस्तूविषयी विचारते. ती वस्तू म्हणजे तिच्या पित्याची हातातील काठी. ज्याने थडगे आतून पाहिले आहे त्यालाच हे उत्तर देता येईल. रानोफर उत्तर देतो आणि त्याची साक्ष ग्राह्य ठरते.

पैखारू आणि रानोफर या दोघांचीही परीक्षा स्थळाच्या ज्ञानाची आहे. दोघेही श्रमिक वर्गातले आहेत आणि दोघांनीही मार खाल्लेला आहे. कागदपत्रांत मात्र छडी न्यायसभेच्या हाती आहे. कादंबरीत ती गेबूच्या हाती, म्हणजे घरात आहे. मॅग्रॉ यांनी हिंसा राज्यसंस्थेकडून काढून कुटुंबातील एका दुष्ट माणसाकडे दिली. लाच घेणारा लेखक आणि स्वतःच्या बचावात गुंतलेले अधिकारी त्यांच्या थीब्जमध्ये नाहीत. पहारेकऱ्यांचा अडसर ओलांडला की वर न्यायी राणी आहेच. न्यायी राज्यकर्ता अखेरीस निरागसाचे ऐकतो, हा लोककथेचा जुना संकेत येथे इतिहासाच्या वेशात परततो. परिणामी थडगेचोरीचा सामाजिक इतिहास लोभाच्या नीतिकथेत आकुंचित होतो.

असे असले तरी कादंबरीची एक जमेची बाजू मान्य करावयास हवी. पपायरसांवरील जबान्या लेखकांनी न्यायसभेच्या सोयीने लिहिलेल्या आहेत. तेथे माणूस बोलतो तो मार खाल्ल्यावर आणि शपथ घेतल्यावर. त्याआधी त्याने काय पाहिले, काय ओळखले आणि बोलावे की नाही याची तळमळ कशी सोसली, याची नोंद तेथे नाही. रानोफरचे ज्ञान सोनारकामातून आलेले आहे. त्याला सोने पारखता येते, चषकावरील कारागिरी वाचता येते. श्रमातून मिळालेली जाण हाच पुरावा ठरू शकतो, हे कादंबरी ठामपणे दाखवते. साक्षीदाराच्या मनाची ही बाजू कागदपत्रांत हरवली आहे, तर अपराधी राज्यसंस्था कादंबरीतून गळाली आहे. म्हणूनच या कादंबरीचा अभ्यास कागदपत्रे शेजारी ठेवून व्हावा. तसे केल्यास बालवाचकासाठी इतिहास सोपा करताना नेमके कोणाला दोषमुक्त केले जाते, हा प्रश्न अन्य भाषांतील ऐतिहासिक किशोरकादंबऱ्यांनाही विचारता येईल.