गुलाब नव्हे, लठ्ठ कण्हेर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस कळवणच्या एका शाळेत आम्ही अडेनियमची कुंडी पाहिली. ‘डेझर्ट रोज’ म्हणतात ते हेच झाड. मुलांनी गुलाब समजून त्याला रोज पाणी घातले होते. फुगीर बुंधा दाबताच बोट आत गेले. तो कुजला होता. चूक मुलांची नव्हती, नावाची होती.

हे झाड गुलाबाच्या कुळातले नाही, कण्हेरीच्या कुळातले आहे. लिनियसचा विद्यार्थी पीटर फोर्स्कोल याने ते नाते ओळखले. १७६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत तो वनस्पतिशास्त्रज्ञ होता. येमेनमध्ये पाहिलेल्या या झाडाला त्याने ‘नेरियम ओबेसम’, म्हणजे ‘लठ्ठ कण्हेर’, असे नाव दिले. जुलै १७६३ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, तो तिथेच हिवतापाने वारला.

उरलेले लोक जहाजाने मुंबईकडे निघाले. चित्रकार बाउरेनफाइंड वाटेतच वारला, डॉक्टर क्रेमर मुंबईत. सहा जणांपैकी एकटा कार्स्टन नीबुर वाचला. मुंबईच्या मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची चित्रे काढली. मायदेशी परतल्यावर १७७५ मध्ये फोर्स्कोलचे लिखाण छापले. त्यामुळे ते नाव टिकले.

१८१९ मध्ये या झाडासाठी ‘अडेनियम’ ही वेगळी प्रजाती केली गेली. हे नाव एडनशी जोडले जाते. आणि एडन १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभारात होते!

फोर्स्कोलच्या ‘लठ्ठ’ या शब्दातच निगेची सूचना आहे. बुंधा पाणी साठवतो, ते कोरड्या दिवसांसाठी. माती सतत ओली राहिली तर मुळांना हवा मिळत नाही, बुरशी वाढते आणि बुंधा कुजतो. म्हणून कुंडीला छिद्रे असावीत, मातीत निम्मी जाड वाळू घालावी. ऊन भरपूर द्यावे. माती पूर्ण वाळल्यावरच पाणी घालावे. पावसाळ्यात कुंडी छपराखाली ठेवावी. थंडीत पाने गळाली तर पाणी जवळजवळ बंद करावे. चीक विषारी असतो, आफ्रिकेत तो बाणांना लावत. तेव्हा हात धुण्यास विसरू नये.

शाळेतल्या रोपाचा कुजका भाग आम्ही कापला, उरलेला सावलीत वाळवून कोरड्या वाळूत लावला. महिन्याभराने त्याला दोन पाने फुटली. आपल्याही शाळेतल्या झाडांची नावे मुलांना एकदा उलगडून पाहू द्यावीत.